बैल कुठे जुंपला आहे?

गेल्या वर्षी एका तालुक्याच्या गावी प्राथमिक शिक्षकांच्या शिबिरात माझे व्याख्यान होते. विषय इतिहासाचा होता, तो झाला. नंतर चहाच्या वेळी एक गुरुजी जवळ आले आणि जरा संकोचाने म्हणाले, “सर, तुमच्या विषयातलं नाही, पण एक विचारू का?” मी म्हटले, “विचारा की गुरुजी.”

त्यांच्या सातवीच्या वर्गातली हकीगत अशी. गावाजवळ साखर कारखाना आहे. कारखाना बघायला गेलेल्या मुलांनी गव्हाणीत टाकलेला ऊस पट्ट्यावरून आत सरकताना पाहिला होता. दुसऱ्या दिवशी कोणीतरी वर्गात प्रश्न काढला : समजा, विमानतळावर धावपट्टीच्या जागी असाच एक लांबच लांब सरकता पट्टा घातला. विमान ज्या वेगाने पुढे जाईल, त्याच वेगाने पट्टा मागे सरकेल. तर विमान उडेल की नाही? सारा वर्ग ‘नाही’ म्हणाला. एकच मुलगा ‘उडेल’ म्हणून हटून बसला. का उडेल, हे त्याला धड सांगता येईना. तो एवढेच म्हणत राहिला की, विमान काही चाके मारून पळत नाही. गुरुजींनी त्याला “उगाच फाटे फोडू नकोस” असे म्हणून खाली बसवले होते. पण मनात शंका राहिली होती, म्हणून त्यांनी मला विचारले.

मी क्षणाचाही विचार न करता म्हणालो, “नाही उडणार. जागच्या जागी राहिलेलं विमान हवेत जाईल कसं?” गुरुजींचे समाधान झाले. एम. ए. झालेल्या, कॉलेजात शिकवणाऱ्या माणसाने सांगितले, म्हणजे प्रश्नच मिटला!

परतीच्या एस. टी.त खिडकीशी बसलो होतो. तेव्हा मला एक छायाचित्र आठवले. गेली वीस वर्षे मी ते वर्गात दाखवीत आलो आहे. राइट बंधूंच्या पहिल्या उड्डाणाचे ते छायाचित्र. विमान जमिनीपासून हातभर वर आहे, आणि उजव्या बाजूला विल्बर राइट उभा आहे. तो नुकताच विमानाच्या शेजारून धावत आलेला आहे. आता मला सांगा, जगातल्या पहिल्या विमानाच्या उड्डाणात एक माणूस, तोही अंगात कोट घातलेला, वाळूवरून शेजारी धावू शकतो, याचा अर्थ काय? हा विचार मनात आला आणि मला घाम फुटला. मुलगा बरोबर होता. गुरुजी चुकले होते, आणि त्यांच्या चुकीवर मी शिक्का मारून आलो होतो.

हे उत्तर मी पदार्थविज्ञानाच्या पुस्तकातून देणार नाही. तो माझा प्रांत नव्हे. पण विमान जमिनीवरून उठायला कसकसे शिकले, याचा इतिहास नीट वाचला तर उत्तर त्यातच सापडते.

आधी आपण चुकतो का ते पाहू. ‘ट्रेडमिल’ हा शब्द जन्माला आला तो तुरुंगात. विल्यम क्युबिट नावाच्या इंग्रज इंजिनियराने १८१८ च्या सुमारास कैद्यांसाठी एक मोठे पायऱ्यांचे चाक काढले. कैद्याने पायरीवर पाय ठेवला की चाक खाली फिरे. तो दुसऱ्या पायरीवर चढे, तीही खाली जाई. दिवसभर चढायचे आणि तिथल्या तिथेच राहायचे! पुढे ही कल्पना नाटकवाल्यांनी उचलली. १८९९ मध्ये न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर ‘बेन हर’ या कादंबरीचे नाटक आले. त्यात रथांची शर्यत होती. रंगमंचावर खरे घोडे आणि खरे रथ आणले, त्यांच्या पायांखाली सरकते पट्टे घातले आणि मागे रंगवलेला लांब पडदा फिरता ठेवला. घोडे चौखूर उधळत होते, आणि प्रेक्षकांसमोरून एक पाऊलही हलत नव्हते. कैदी काय, घोडे काय, पट्ट्यावर जागच्या जागीच राहतात. आजकाल शहरात व्यायामासाठी लोक अशाच पट्ट्यावर पळतात. ही चित्रे आपल्या डोक्यात इतकी पक्की बसली आहेत की, ‘पट्टा’ म्हटले की ‘जागच्या जागी’ हे आपोआप तोंडून निघते.

पण घोडा पळतो कशाच्या जोरावर? तो खुरांनी जमीन मागे रेटतो. ट्रॅक्टर, मोटार, सायकल, साऱ्यांचे तेच. त्यांची चाके जमिनीला रेटा देतात, म्हणून ती पुढे जातात. ज्या जमिनीला रेटायचे तीच मागे सरकू लागली तर सारा जोर वाया जातो.

आता बैलगाडीकडे पाहा. बैलगाडीलाही चाके आहेत, पण ती जमिनीला रेटत नाहीत. रेटतात ते बैलाचे पाय. चाके नुसती ओझे वाहतात आणि फिरतात. आता अशी कल्पना करा की बैल घट्ट जमिनीवर उभा आहे आणि मागे गाडी तेवढी सरकत्या पट्ट्यावर आहे. पट्टा मागे सरकतो आहे. बैलाने जू खांद्यावर घेऊन पाऊल टाकले, तर गाडी पुढे येईल की नाही? येणारच. चाके तेवढी दुप्पट वेगाने गरगरतील, आणि कण्यात थोडी अधिक कुरकुर होईल. विमानाची चाके ही बैलगाडीची चाके आहेत. विमानाचा बैल म्हणजे त्याचा पंखा, आणि आजच्या मोठ्या विमानात जेट इंजिन. हा बैल पट्ट्यावर उभा नसतो. त्याचे पाय हवेत असतात. तो हवा मागे लोटतो आणि विमान पुढे ओढतो. पट्टा कितीही सरकला तरी तो बैलाच्या पायांपर्यंत पोचतच नाही.

त्या मुलाला हेच म्हणायचे होते. त्याला बैलगाडीचा दाखला सुचला नाही, एवढेच.

आता त्या छायाचित्राकडे वळू. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावर किटी हॉक नावाचे वाळूचे ओसाड गाव आहे. ओहायोतल्या डेटन गावचे हे दोघे सायकल दुकानदार भाऊ इतक्या लांब तिथे गेले, ते मुख्यतः वाऱ्यासाठी. सरकारी हवामान खात्याला पत्र लिहून, कुठे वारा चांगला वाहतो याची चौकशी करून त्यांनी ही जागा निवडली होती. आपल्याकडे पोरे संक्रांतीला पतंग घेऊन माळावर जातात, तसे! वारा असला की पोरगा जागेवर उभा राहून पतंग चढवतो. वारा पडला की पतंग ओढत पळावे लागते. पतंगाला या दोहोंत काही फरक वाटत नाही. त्याला समोरून वारा लागल्याशी कारण. मग तो वारा आपल्या पायांनी आला की पोरगा पळाला म्हणून मिळाला, हे पतंग विचारीत नाही.

या भावांच्या विमानाला चाके नव्हतीच. खाली घसरगाडीसारख्या लाकडी पट्ट्या होत्या. वाळूवर साठ फूट लांबीचा एकच रूळ टाकायचा, त्यावर एक छोटा गाडा ठेवायचा, गाड्यावर विमान ठेवायचे. विमान उठले की गाडा खालीच राही. १४ डिसेंबर १९०३ रोजी वारा बेताचा होता, म्हणून त्यांनी रूळ टेकडीच्या उतारावर टाकला. नाणे उडवले, विल्बरची पाळी आली. विमान उतारावरून सुटले, उठले, त्याने नाक जरा जास्तच वर केले आणि साडेतीन सेकंदांत ते वाळूत आपटले. दुरुस्तीत दोन दिवस गेले.

१७ डिसेंबरची सकाळ कडाक्याच्या थंडीची होती. डबकी गोठली होती आणि वारा भन्नाट सुटला होता. या वेळी रूळ सपाट जमिनीवर टाकला, तोंड थेट वाऱ्याकडे. पाळी ऑर्व्हिलची होती. पाहायला अवघी पाच माणसे. त्यांतल्याच जॉन डॅनिअल्स नावाच्या माणसाने ते छायाचित्र घेतले. विमान रुळावरून चाळीस फूट गेले आणि उठले. बारा सेकंद हवेत राहिले आणि १२० फुटांवर टेकले.

या १२० फुटांचा हिशेब ऑर्व्हिलने पुढे स्वतःच लिहून ठेवला आहे. इतिहासाच्या मास्तरांनी तो फळ्यावर मांडावा असा आहे. वारा समोरून सेकंदाला ३५ फूट वेगाने येत होता. विमान जमिनीवरून सेकंदाला अवघे १० फूट पुढे सरकत होते. म्हणजे हवेच्या मानाने विमानाचा वेग झाला सेकंदाला ४५ फूट. बारा सेकंदांत जमिनीवरचे अंतर १२० फूट, पण हवेतले अंतर? ४५ गुणिले १२, म्हणजे ५४० फूट. जमीन म्हणते १२०, हवा म्हणते ५४०. विमानाने हवेचे ऐकले.

सेकंदाला दहा फूट म्हणजे ताशी अकराएक किलोमीटर. शाळेतला मुलगा याहून जोरात पळतो. विल्बर शेजारी धावू शकला तो यामुळे. जमिनीच्या मापाने ते विमान जवळजवळ रेंगाळत होते. चाकांच्या वेगावर उड्डाण ठरत असते, तर त्या दिवशी ते यंत्र उठण्याचे काहीच कारण नव्हते. मुळात त्याला चाकेच नव्हती!

त्याच दिवशी दुपारी वाऱ्याने आणखी एक धडा दिला. चौथे उड्डाण झाले होते, ५९ सेकंद आणि ८५२ फुटांचे. विमान जमिनीवर ठेवून मंडळी बोलत उभी होती. इंजिन बंद होते. एक जोराचा झोत आला आणि त्याने ते रिकामे विमान उचलले. डॅनिअल्स ते धरायला धावला, तो आतच अडकला आणि विमानाबरोबर गडगडत गेला. माणूस वाचला, विमान मोडले. पहिल्या विमानाचे आयुष्य तिथेच संपले.

दुसऱ्या वर्षी हे भाऊ आपल्या गावाजवळच्या हफमन प्रेअरी नावाच्या कुरणात आले, आणि त्यांचे दैव फिरले. तिथे किटी हॉकचा वारा नव्हता. मे महिन्यात त्यांनी वार्ताहरांना बोलावले, तर वारा पडला आणि इंजिनही नीट चालेना. विमान रुळाच्या टोकावरून घरंगळत खाली उतरले. पाहुणे हिरमुसले होऊन परत गेले. रूळ लांब करून पाहिला, पण वाऱ्याची दिशा बदलली की सारा रूळ उखडून पुन्हा मांडावा लागे. अखेर सप्टेंबर १९०४ मध्ये त्यांनी एक युक्ती काढली. वीस फूट उंचीचा लाकडी मनोरा उभारला, त्यावर अर्ध्या टनाहून अधिक वजन टांगले आणि दोर कप्प्यांवरून घेऊन विमानाला बांधला. वजन सोडले की दोर विमानाला पुढे ओढी. आपल्या मोटेची उलटी तऱ्हा समजा : मोटेत बैल उतारावर चालतात आणि पाणी वर येते, इथे वजन खाली येई आणि विमान पुढे जाई. किटी हॉकला जो वेग वारा देत होता, तो इथे दोराने दिला.

यावरून पुढे मोठे भांडण पेटले, आणि ते अजून विझलेले नाही. २३ ऑक्टोबर १९०६ रोजी पॅरिसजवळ बागातेलच्या मैदानावर ब्राझीलच्या आल्बर्टो सांतोस-द्यूमाँ या गृहस्थाने आपले चाकांचे विमान लोकांसमक्ष साठेक मीटर उडवले. १२ नोव्हेंबरला त्याने २२० मीटरपर्यंत मजल मारली. ब्राझीलमध्ये आजही लोक म्हणतात की, खरा पहिला वैमानिक आमचाच. राइट बंधूंना रूळ लागला, मनोरा लागला, वारा लागला. आमचा माणूस स्वतःच्या चाकांवर उठला. देशाभिमान समजू शकतो. सांतोस-द्यूमाँ मोठाच होता आणि त्याने जे केले ते उघड्यावर केले, हेही खरे. पण ‘चाकांवर उठला’ या शब्दांत सातवीच्या वर्गाचीच चूक लपलेली आहे. उठताना चाके काय आणि रुळावरचा गाडा काय, दोघांचे काम एकच : विमान घासू न देता पुढे जाऊ देणे. १९०३ साली तर मनोराही नव्हता. विमान आपल्या इंजिनाच्या जोरावर आणि समोरच्या वाऱ्यावर उठले. राइट बंधूंनी १९१० मध्ये आपल्या विमानाला चाके बसवली, ती सोयीसाठी. उडण्याच्या विद्येत त्याने काही भर पडली नाही.

आता खरोखर सरकणाऱ्या जमिनीकडे येऊ. अशी एक जमीन माणसाने बांधली आहे, आणि तिच्यावरून हजारो विमाने उडाली आहेत. ती म्हणजे जहाजाचा डेक.

१४ नोव्हेंबर १९१० रोजी अमेरिकेत हॅम्प्टन रोड्सच्या खाडीत ‘बर्मिंगहॅम’ या युद्धनौकेवर ८३ फुटांचा लाकडी मंच बांधला. यूजीन इली नावाचा वैमानिक त्यावरून उडणार होता. जहाज चालू लागायचे, समोर वारा तयार व्हायचा आणि मग इली सुटायचा, असा बेत होता. पण आभाळ बिघडत चालले होते. जहाज अजून नांगर उचलीत होते, तोच इलीने धीर सोडला आणि विमान सोडले. मंचाच्या टोकावरून विमान खाली झेपावले, चाके पाण्याला लागली, पंख्याच्या कडा फुटल्या. तरी कसाबसा तो वर आला आणि जवळच्या किनाऱ्यावर उतरला. जहाजाच्या वेगाचा वारा मिळाला असता तर हा जीवघेणा प्रसंग बहुधा आला नसता. मे १९१२ मध्ये इंग्लंडच्या चार्ल्स सॅमसनने ‘हायबर्निया’ या चालत्या जहाजावरून विमान नेले, तेव्हा तो वारा कामी आला.

उतरण्याचे काम याहून अवघड. २ ऑगस्ट १९१७ रोजी स्कॉटलंडच्या उत्तरेस स्कापा फ्लो येथे एडविन डनिंग या पंचवीस वर्षांच्या अधिकाऱ्याने चालत्या ‘फ्यूरिअस’ जहाजावर विमान उतरवून दाखवले. जहाज वाऱ्याच्या तोंडी भरवेगात होते. जहाजाचा वेग आणि समोरचा वारा यांची बेरीज त्याच्या छोट्या सॉपविथ पप विमानाच्या उतरण्याच्या वेगाजवळ येत होती. त्यामुळे जहाजावरच्या लोकांना ते विमान डेकवर जवळजवळ तरंगत आल्यासारखे दिसले. खलाशांनी धावत जाऊन त्याच्या वाद्या हातांनी धरल्या आणि ते खाली घेतले. चालत्या विमानाला माणसांनी बैलासारखे धरून आणावे, ही गोष्ट जमिनीवर कधी घडली नसती. पाचच दिवसांनी, ७ ऑगस्टला, डनिंग पुन्हा उतरायला गेला. त्या खेपेला विमान डेकच्या कडेवरून समुद्रात पडले आणि तो बुडाला. ज्या वाऱ्याने पहिल्या दिवशी झेलले त्याच्याच भरवशावर तो गेला होता. विमानवाहू जहाजांची विद्या अशा माणसांनी प्राण देऊन पुढच्यांसाठी ठेवली आहे.

आपल्याकडची पहिली विक्रांत ही युद्धनौका ४ मार्च १९६१ रोजी भारतीय नौदलात दाखल झाली, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात मुंबईला आली. तिच्यावर विमान फेकायला वाफेचे यंत्र होते. हफमन प्रेअरीच्या मनोऱ्याचा हा नातू म्हणायचा. तरीही विमाने सोडताना जहाज वाऱ्याकडे तोंड करून वेगाने न्यावेच लागे. १९७१ च्या युद्धात तिच्या एका बॉयलरला तडे गेलेले होते, त्यामुळे तिचा वेग घटला होता. बंगालच्या उपसागरात वारा पडलेला असला, तर विमानांना हवा तेवढा समोरचा वारा भरून काढायचा कसा, ही चिंता अधिकाऱ्यांना होती. अशा स्थितीत ४ डिसेंबर १९७१ रोजी तिच्यावरच्या सी हॉक विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगाववर हल्ले केले. ही विक्रांत १९९७ साली निवृत्त झाली.

इथे चाणाक्ष श्रोता मला अडवील. तो म्हणेल, “थांबा प्राध्यापक! डेक पुढे सरकला तर विमानाला मदत होते असे तुम्हीच सांगता. मग पट्टा मागे सरकला तर अडचण का होणार नाही?” शंका फार चांगली आहे. मलाही ती दोन दिवस सतावत होती. उत्तर असे : जहाजावरचे विमान चाके अडकवून उभे असते. जहाजाने त्याला बराच वेळ आपल्याबरोबर वाहून आणलेले असते. त्यामुळे ते सुटण्याआधीच समोरच्या हवेतून जहाजाच्या वेगाने चाललेले असते. तसे मागे सरकणाऱ्या पट्ट्यावर चाके अडकवून विमान उभे केले, तर तेही मागे वाहून जाईल आणि आधी ते नुकसान भरून काढावे लागेल. पण आपल्या प्रश्नात चाके मोकळी आहेत आणि बैल आधीच ओढायला लागला आहे. विमान पुढे चालू लागल्यावर पट्टा खालून मागे सरकू लागतो. मोकळी फिरणारी चाके पट्ट्याचा ओढा वर पोचू देत नाहीत; पोचतो तो कण्यातला आणि टायरमधला थोडासा विरोध. इंजिनाच्या जोरापुढे तो किरकोळ.

शिक्षकांनी हे वर्गात करून दाखवावे. एक सतरंजी जमिनीवर पसरा. तिच्यावर चाकांची हलकी खेळण्यातली गाडी ठेवा, चाके सैल फिरणारी हवीत. गाडीला दोरा बांधा आणि एका मुलाला सतरंजीच्या बाहेर, समोर उभे राहून दोरा धरायला सांगा. दुसऱ्या मुलाने सतरंजी मागच्या बाजूला ओढावी. दोरा नुसता धरला तर गाडी जिथे आहे तिथेच राहील. दोरा गोळा करायला लागला तर गाडी पुढे येईल, सतरंजी कितीही ओढा. मग दोरा काढा आणि किल्लीची मोटार ठेवा. तिचे चाकच सतरंजीला रेटत असते, म्हणून ती रखडेल. हा फरक मुलांना डोळ्यांनी दिसतो, मग पाठ करून घ्यावे लागत नाही.

‘नाही उडणार’ म्हणणाऱ्यांचीही एक बाजू खरी आहे, ती सांगायला हवी. आजूबाजूच्या हवेत पुढे गेल्याशिवाय विमान उठत नाही, हे त्यांचे म्हणणे सोळा आणे खरे. पट्टा असला तरी विमानाला नेहमीइतकीच लांब धाव घ्यावी लागेल. पट्टा घालून गावोगाव छोटे विमानतळ करता येतील, अशी कोणी आशा धरू नये. चूक एवढीच की, पट्टा विमानाला धरून ठेवील असे आपण गृहीत धरतो. काही जण प्रश्न असा घालतात की, पट्टा विमानाच्या नव्हे तर चाकांच्या फिरण्याच्या वेगाने मागे जातो. तसे म्हटले तर विमान इंचभर पुढे सरकताच अट मोडते. मग तो प्रश्न विमानाचा राहत नाही, शब्दांच्या कसरतीचा होतो. त्यात मी शिरत नाही.

या शतकाच्या पहिल्या दशकात हा प्रश्न अमेरिकेत फार गाजला. चांगली शिकलेली माणसे त्यावर हातघाईला येत. अखेर जानेवारी २००८ मध्ये तिथल्या ‘मिथबस्टर्स’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमाने तो प्रत्यक्षच करून पाहिला. एक अगदी हलके, एका माणसाचे विमान घेतले. त्याच्या खाली ताडपत्रीसारखे लांबच लांब कापड अंथरले आणि ते एका गाडीला बांधले. विमान एका दिशेने सुटले, गाडी कापड घेऊन उलट दिशेने निघाली, विमान उठायला लागतो तेवढ्याच वेगाने. गंमत म्हणजे विमान चालवणाऱ्यालाही ते उठेल असे वाटत नव्हते. ते उठले, नेहमीसारखे.

ज्याला रोज विमान चालवायची सवय होती त्याचीही समजूत चुकली, हे वाचून मला थोडा धीर आला. मी गुरुजींना फोन केला. म्हटले, “गुरुजी, त्या दिवशी मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. तो मुलगा बरोबर होता.” पलीकडे जरा वेळ शांतता झाली. मग ते म्हणाले, “मग सर, मला वर्गात सांगायला पाहिजे.” मी त्यांना सतरंजीचा प्रयोग सांगितला. आठवड्याने त्यांचाच फोन आला. प्रयोग झाला होता. दोरा धरायला त्यांनी त्याच मुलाला उभे केले होते. गाडी पुढे आली तेव्हा वर्गाने टाळ्या वाजवल्या, पण पोरगा काही बोलला नाही. मधल्या सुट्टीत मात्र तो गुरुजींकडे आला आणि त्याने विचारले, “गुरुजी, पट्टा तसाच स्थिर ठेवला, पण वाराच मागून तेवढ्या वेगानं आला तर?”

गुरुजी म्हणाले, “आता हे तुम्हीच सांगा सर, मी काही बोललो नाही.”

मी सांगितले की तेव्हा मात्र विमान फसेल. जमिनीवरून ते नेहमीच्या वेगाने धावेल, चाके फिरतील, झाडे मागे पळतील आणि पंखांना वारा म्हणून लागणारच नाही. उठायचे तर दुप्पट वेगाने धावावे लागेल. त्याला म्हणावे, मुंबईच्या विमानतळाची मुख्य धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे, आणि समुद्रावरून वारा येत असला की विमाने पश्चिमेकडे तोंड करून उडतात. आणि १७ डिसेंबर १९०३ ला त्या दोघा भावांनी, हात थंडीने काकडलेले असताना, आधी वारा कुठून येतो ते पाहिले आणि मग त्याच्याकडे तोंड करून रूळ टाकला.